बावीस सेंटिमीटर पाणी

३ ऑक्टोबर

जावई दोसान परवा बंदरावरून आला तो सुक्या माशांचा पुडा घेऊन. मासे माझ्या बायकोने, बाल्झियाने उचलले, मी पुड्याचा कागद उचलला. छापील कागद वाचल्याशिवाय टाकवत नाही, ही माझी जुनी खोड. निघालं ते आमच्याच कार्यालयाचं साप्ताहिक पत्रक!

चौतीस वर्षं मी रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला समुद्रात रोवलेली मापाची काठी वाचतो. आकडा फोनवरून शहरातल्या कार्यालयाला सांगतो. ते पत्रक छापतात आणि बंदराला पाठवतात. त्यावरून जहाजात किती तेल भरायचं ते ठरतं. पण छापलेलं पत्रक आजवर मला कोणी दाखवलं नव्हतं. आचाऱ्याला पंगतीत कोण बसवतो?

मोठ्या हौसेने आमच्या शागाला ठाण्याची ओळ शोधली. २१ सप्टेंबर, सकाळ, १२०. माझ्या वहीत त्याच सकाळी ९८.

सातही दिवस ताडून पाहिले. रोज बावीस सेंटिमीटर जास्त. ना एकवीस, ना तेवीस.

सरकारी वहीत आकडा, वारा आणि सही एवढीच जागा असते. शंका कुठे लिहिणार? म्हणून बाल्झियाची पिठाच्या हिशेबाची वही घेतली. तिला सांगितलेलं नाही.

४ ऑक्टोबर

सकाळी काठी तीनदा वाचली. ९७. डोळे चोळून वाचली. ९७. शेवटी बाल्झियाला किनाऱ्यावर नेलं.

"सत्त्याण्णव," ती म्हणाली. "आता माझी सही पण हवी का?"

मी पत्रक दाखवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे. "घरधनी, कुठेतरी पाणी मुरतंय."

मी म्हटलं, तुला मोतीबिंदूची सुरुवात आहे, तुझं काय घेऊन बसायचं!

"असेना. मग दोघांचे डोळे अगदी एकाच मापाने बिघडले काय?"

यावर मी विचार केला. चाळीस वर्षं एका भांड्यातलं जेवतोय, एकाच खारट वाऱ्यात राहतोय. होऊ शकतं.

९ ऑक्टोबर

शेवटी धीर करून केनेसला फोन केला. हा केनेस आज कार्यालयाचा प्रमुख आहे, पण वीस वर्षांपूर्वी काठी वाचायला माझ्याकडेच शिकला. दोन हिवाळे आमच्या घरी राहिला. बाल्झियाच्या हातच्या भाकरी त्याच्या अंगाला लागल्यात. मी त्याला सांगितलं की माझे आकडे चुकताहेत.

मला वाटलं, फोन तुटला.

"आगा," तो म्हणाला (म्हणजे थोरले भाऊ, आजही तो मला हेच म्हणतो), "पत्रक तुम्हाला कुठे मिळालं?"

"माशाच्या पुड्यात."

"असं." मग एकदम मायेने म्हणाला, "वय होतं हो आगा, डोळ्यांचं काय एवढं मनावर घ्यायचं! आम्ही इथे सुधारून घेतो. तुम्ही वाचत राहा, सांगत राहा. चष्मा पाठवतो मी, माझ्या खर्चाने. आणि हे कुणाशी बोलू नका, तुमचीच नोकरी जायची."

किती सांभाळून घेतो! दुसरा असता तर चौकशी लावली असती.

मग त्याने मोठी बातमी दिली. २ नोव्हेंबरला समुद्राच्या पाचही किनाऱ्यांची, म्हणजे पाच देशांची माणसं बंदरात येणार. आमच्या मंगस्ताऊचं तेल आज उत्तरेच्या शेजाऱ्याच्या नळातून जातं. नळ आपला नाही, तोटी त्याच्या अंगणात. म्हणून वरच्यांना तेल जहाजाने सरळ पलीकडे, बाकूला न्यायचंय. पण पलीकडचे म्हणतात, समुद्र तर वर्षागणिक आटतोय, भरलेली जहाजं निघतील एवढं पाणी तुमच्याकडे आहे का, ते आधी दाखवा.

"आणि आगा, पाहुण्यांचं जेवण तुमच्या घरी. चौतीस वर्षं अखंड मोजणी करणारं ठाणं! तुम्ही आमची अब्रू आहात."

आंधळा माणूस देशाची अब्रू. आता झोप कशी येणार?

१३ ऑक्टोबर

चष्मा आला. सोनेरी काड्यांचा. घालून वाचलं. ९६. काढून वाचलं. ९६. चष्म्याने दूरच्या उंटाची लव दिसते, पण आकडा तोच.

म्हणजे बिघाड डोळ्यांत नाही, त्याच्याही आत आहे. माझा बाप अखेरच्या दिवसांत बकऱ्या मोजताना वीसवरून एकदम चाळीसवर जायचा. त्याचीच सुरुवात असेल. भीती वाटते, हे इथे लिहून ठेवतो. बाल्झियाला सांगणार नाही.

१६ ऑक्टोबर

ठरवलं. केनेसने माझ्या चुका किती दिवस निस्तरायच्या? इथून पुढे मीच बावीस मिळवून सांगणार. सरकारी वहीत जे दिसतं तेच लिहीन, कारण वहीत खोटं लिहायची सवय नाही. पण बाजूला पेन्सिलीने "+२२". फोनवर बेरीज.

आज ९५ दिसले. ११७ सांगितले.

१७ ऑक्टोबर

केनेसचा फोन, स्वतःहून. आनंद गगनात मावत नव्हता.

"आगा, समुद्राने लाज राखली! एका दिवसात बावीसने वर!"

मला वाटलं होतं तो म्हणेल, आता जुळलं. तो म्हणाला, वाढलं. जुळलं असेल तर वाढलं कसं?

विचारणार होतो. पण तो इतका खूश होता की विचारवेना.

२४ ऑक्टोबर

दोसान आणि आमची झुपार दोन दिवस राहून गेले. दोसान तेलाच्या जहाजावर आहे, कप्तानाच्या हाताखाली दुसरा. मी त्याच्याकडून मुद्दाम नवं पत्रक मागवलं होतं. २० ऑक्टोबर, १३९.

माझ्या वहीत त्या दिवशी ९५. मी सांगितले ११७. तरी पत्रक माझ्यापुढे पुन्हा बावीसच! मी धावतो तेवढं ते पुढे सरकतं.

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय, खेप कशी झाली?"

"ठीक झाली, बाबा. खाडीच्या तोंडाशी वळताना बूड जरा घासलं."

"घासलं?"

"कप्तान म्हणाला, गाळ असेल."

"गाळ? अरे तिथे निव्वळ खडक आहे."

"मी तेच म्हणालो. तर म्हणतो, पत्रकात एकशे एकोणचाळीस आहेत, तू शहाणा की पत्रक शहाणं?" दोसान हसला. "पुढची खेप तर खास आहे. पाहुण्यांच्या देखत पूर्ण भरून निघायचंय. दहा सेंटिमीटर पाण्याला दोनशे टन तेल. पत्रकाप्रमाणे भरलं तर मागच्या महिन्यापेक्षा जवळजवळ चारशे टन जास्त बसेल."

झुपार चहा ओतता ओतता थांबली. मी तोंड उघडलं होतं. पण जावयासमोर, ज्याला मी सहा वर्षं समुद्र शिकवतोय त्याच्यासमोर, आपल्याला काठी वाचता येत नाही असं कसं म्हणायचं? तोंड उघडलं ते तळलेल्या पिठाचा बोर्साक घालून बंद केलं.

झुपार लहान असताना एक जुनं जहाज याच खडकावर बसलं होतं. वायव्येच्या वाऱ्याने दोन दिवस आपटलं आणि मधोमध मोडलं. ओढून काढलेली माणसं आमच्याच अंगणात घोंगड्यांखाली ठेवली होती.

पत्रक खरं असेल तर जहाज घासायला नको होतं. जहाज घासलं हे खरं असेल तर पत्रक... छे. छापलेलं चुकत नाही. ते पाच माणसं तपासतात. डोकं भणभणतंय, इथेच थांबतो.

२८ ऑक्टोबर

इकडे मी समुद्राच्या काळजीत, आणि तिकडे वरच्यांना काळजी मेंढ्याच्या डोक्याची. शिजवलेलं डोकं सगळ्यांत मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायचं. किनारे पाच, डोकं एक. आज केनेस स्वतः आला, हातात यादी.

"आगा, पाच मेंढे कापू. पाच डोकी ठेवू. वाद मिटला."

बाल्झिया आतून कडाडली, "पाच डोकी एका पंगतीत? जेवण आहे की खाटकाचं दुकान? लोक काय म्हणतील, या घराला मान कुणाला द्यायचा तेच कळत नाही!"

"मग उत्तरेच्या प्रमुखांना देऊ. तोटी त्यांच्याकडे आहे, ते नाराज नकोत."

मी विचारलं, "त्यांचे वडील आहेत?"

"आहेत."

"मग कसं द्यायचं? बाप जिवंत असताना मुलाने डोक्याला हात लावायचा नसतो, हे तुलाही शिकवलंय. उद्या त्या म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर बोल माझ्या घरावर."

केनेसने कपाळावर हात मारला. मग पाचही शिष्टमंडळांना पत्रं गेली, तुमच्या सदस्यांचे वडील हयात आहेत का, म्हणून. एकांनी विचारलंय, माहिती कशासाठी हवी ते लेखी कळवा. एकांनी कळवलंय, विषय विचाराधीन आहे.

बाकूकडच्यांचं उत्तर तेवढं सरळ आलं. त्यांच्याबरोबर मीर्झागा नावाचे म्हातारे कप्तान सल्लागार म्हणून येताहेत. वय शहात्तर, वडील वारून चाळीस वर्षं झाली. यादीत त्यांच्याइतकं वडीलधारं कुणीच नाही. ठरलं.

जाताना केनेस दारात थबकला. डोळ्यांखाली काळं आलंय पोराच्या. "आगा, एवढा एक दिवस नीट पार पडू दे. करारावर सही झाली की सगळं हळूहळू सरळ करतो."

काय सरळ करणार, ते विचारायचं राहून गेलं.

१ नोव्हेंबर

वायव्येचा वारा. पाणी मागे हटलंय. ८८ दिसले. ११० सांगितले. बंदरावर दोसानचं जहाज भरायला लागलंय. जेवण गेलं नाही.

२ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे निदान कागदावर तरी नीट दिसेल.

दुपारी एकला मोटारी आल्या. पाहुणे सतरंज्यांवर बसले. काहींना मांडी घालता येईना, त्यांच्या पाठीशी बाल्झियाने घरातले सगळे लोड-तक्के लावले. उंटिणीच्या दुधाचा शुबात फिरला. एकाने तो वासासकट संपवला, त्याचं मला कौतुक वाटलं. मग मांस आलं, आणि ताटाच्या मधोमध डोकं.

मी ते मीर्झागा कप्तानांपुढे ठेवलं. उत्तरेच्या प्रमुखांच्या भुवया जरा वर गेल्या. केनेसने घाईघाईने त्यांना वडिलांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "असं असेल तर आभारी आहे." आणि खरंच आभारी दिसले.

कप्तानांची आणि आमची बोली चुलत बहिणी, समजायला अडचण नाही. सुरी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "यजमान, आमच्याकडे असं नसतं. वाटायचं कसं, सांगा."

मी सांगितलं, "कान पोरांना, म्हणजे ती ऐकणारी होतात. टाळू लेकींना. डोळा त्याला, ज्याच्या नजरेवर आपला भरवसा."

"मग विचारायचं काय त्यात!" म्हातारा हसला. डोळा काढला आणि ओंजळीत धरून माझ्यापुढे केला. "पन्नास वर्षं आम्ही जहाजं हाकली ती अशाच माणसांच्या नजरेवर. घ्या."

मी घेतला. गरम होता, बोटांना चरबी लागली. सगळे बघत होते. खायचा आणि दुवा म्हणायची, एवढंच.

पण तो घास माझा नव्हता. भरवशाचा डोळा मी, ओतेगालीने, कुठल्या तोंडाने खायचा? बाहेर बंदरावर माझ्या लेकीचा नवरा माझ्या आकड्यांवर भरलेल्या जहाजात उभा. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

मी म्हणालो, "कप्तान, माफ करा. माझे डोळे बिघडलेत. मला रोज बावीस सेंटिमीटर कमी दिसतं. महिनाभर मी हे लपवलं. आणि गेले सतरा दिवस मी माझ्या मनाने बावीस मिळवून सांगतोय. हे पाप मी केलंय. या पोरांचा काही दोष नाही."

"आगा थकलेत," केनेस उठत म्हणाला. "रात्रंदिवस तयारी..."

"बसा," मीर्झागा म्हणाले. आवाज चढवला नाही. "वही आहे?"

मी सरकारी वही आणली. त्यांनी समोरच्या कागदांतून आजचं खास पत्रक काढलं आणि दोन्ही मांडीवर ठेवली. बोटाने ओळ धरली. "काल सकाळी तुम्हाला दिसले अठ्ठ्याऐंशी. सांगितले एकशे दहा. बरोबर?"

"बरोबर."

"आणि छापलेत एकशे बत्तीस."

उत्तरेचे प्रमुख दाढीतल्या दाढीत हसत होते. का, ते मला कळलं नाही.

कप्तान उठले, हात धुतले आणि थेट किनाऱ्याकडे चालू लागले. मागून पाचही किनारे, तुकतुकीत बूट चिखलात रुतवत. काठीपाशी त्यांनी डोळे बारीक केले.

"सत्त्याऐंशी," ते म्हणाले. "मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि मलाही सत्त्याऐंशीच दिसतात."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. केनेसकडे बघत होते. केनेस समुद्राकडे.

मग त्यांनी विचारलं, "त्या जहाजात किती भरलंय?"

पुढचं सगळं फोनवर झालं, वेगवेगळ्या भाषांत, मोठमोठ्याने. पाहुणे चहा न घेताच गेले. अंगणात उभा असताना लक्षात आलं, डोळा अजून माझ्या मुठीतच आहे.

"खाऊन टाका," बाल्झिया म्हणाली. "मानाचा आहे."

खाल्ला. गार झाला होता.

४ नोव्हेंबर

दोसानच्या जहाजातलं नऊशे टन तेल परत उतरवून घेतलं. काल दुपारी ते हलकं होऊन निघालं. वारा अजून वायव्येचाच. झुपार आमच्याकडे येऊन बसलीय, नुसती कणीक मळते. मळलेली कणीक पुन्हा मळते.

सही झाली म्हणतात. पण एक कलम वाढवलंय की दर जहाजाने निघण्यापूर्वी पाणी स्वतः मोजायचं. म्हणजे देशाचं काम झालं की बिघडलं? कोणाला विचारू? केनेस फोन उचलत नाही.

७ नोव्हेंबर

पत्र आलं. "दृष्टिदोषामुळे" मला कामातून मुक्त केलंय. खाली केनेसची सही. अक्षर थरथरलेलं वाटलं, पण आता माझ्या डोळ्यांचा काय भरवसा.

११ नोव्हेंबर

शहरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. शेवटची ओळही वाचली. त्या म्हणाल्या, "आजोबा, दूरचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. आलात कशाला?" दाखला दिला. तो घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मुलीने वाचला आणि परत दिला. म्हणाली, "पत्र आधी निघालंय, आजोबा. त्याच्यानंतरचा दाखला चालत नाही."

१४ नोव्हेंबर

दोसान आला!

दाढी वाढलेली, अंगाला तेलाचा वास. झुपारने त्याला दारातच मारलं, मुठीने, छातीवर, आणि मग रडली. बाल्झियाने जावयाचा मान म्हणून छातीचं मांस राखून ठेवलं होतं ते पुढे केलं.

जेवता जेवता त्याने सांगितलं. हलकं जहाजसुद्धा खडकावरून गेलं ते बुडाखाली जेमतेम चार बोटं पाणी राखून. खोली मोजणाऱ्या यंत्राचा आकडा बघताना कप्तान उभ्या जागी घामाने भिजला. "बाबा, ते नऊशे टन पोटात असते तर..."

पण एक गोष्ट तीन आठवडे डोक्यात घोळतेय, ती आज विचारलीच. म्हटलं, "जास्तीचे एकूण चव्वेचाळीस. त्यातले बावीस माझे, ते मी कबूल केले. पण माझे डोळे चांगले आहेत, दाखला आहे. मग दुसरे बावीस कुणाचे?"

दोसानने झुपारकडे पाहिलं. झुपारने कपाकडे. बाल्झिया उठून उगाच चूल सारखी करायला लागली. या घरात मी सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत होतं.

झुपार माझ्याजवळ येऊन बसली. लहानपणी बसायची तशी, गुडघ्याला गुडघा लावून. "बाबा, उद्या राजधानीहून चौकशीला माणूस येतोय. तुम्हाला कागद वाचून दाखवेल, सही मागेल. त्यात चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस तुमचे असतील."

"पण ते नाहीत माझे."

"नाहीत." तिने माझा हात धरला. "पण दोसानला याच बंदरातून निघायचंय, दर पंधरा दिवसांनी. आणि जहाजाचे कागद अजून आकडे छापणाऱ्या त्याच लोकांकडून येतात, त्यांना दुखावून त्याचं कसं चालेल?"

चौतीस वर्षांत एक सेंटिमीटर इकडचा तिकडे केला नव्हता. केनेसला मी काठी वाचायला शिकवलं तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं होतं, दिसतं तेवढंच सांगायचं. त्याने ते ऐकलं होतं, मला आठवतंय. मग मधे काय झालं? त्याच्यावर कोणी दबाव आणला? त्या कोणावर कोणी? हा धागा ओढत गेलं की टोक पाचही किनाऱ्यांना शिवून परत माझ्या दारात येतं, आणि मला काही कळेनासं होतं. राग आला. केनेसचा आला, माझा स्वतःचा जास्त आला.

समोर दोसान हाडाचा मगज चोखत होता, आवाज करत, उपाशी माणसासारखा. हा खाली पाण्यात असता.

"करतो सही," मी म्हणालो.

दोसानचा हात थांबला. सहा वर्षांत तो पहिल्यांदाच माझ्यापुढे रडला. मी त्याला म्हटलं, मांस गार होतंय, जेव.